लाहोर ते नागपूर : गांधर्व परंपरेची वाटचाल

५ मे १९०१ रोजी पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. गाणं शिकायचं तर गुरूच्या घरी राहायचं, मर्जी सांभाळायची आणि तो देईल तेवढं पदरात घ्यायचं, असा तेव्हाचा रिवाज होता. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे पलुस्कर स्वतः तसेच शिकले. लाहोरात मात्र त्यांनी वर्ग भरवले, अभ्यासक्रम आखला, स्वरलिपीची पुस्तकं छापली आणि सभ्य घरातल्या मुलामुलींनी गाणं शिकण्यात काही गैर नाही, हे लोकांना पटवलं. १९०८ मध्ये ते मुंबईत आले. विद्यालयाची तिथली इमारत पुढे कर्जापायी लिलावात गेली. २१ ऑगस्ट १९३१ला मिरजेत पलुस्करबुवांचं निधन झालं आणि त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. इमारत गेली, पण काम थांबलं नाही.

या परंपरेवर एक आक्षेप सतत घेतला जातो : वहीत स्वर लिहून, परीक्षा देऊन कुठे गवई तयार होतो का? सगळे एकाच साच्यातले निघतात. मला हा आक्षेप कधीच पटला नाही. बुवांचेच शिष्य पाहा. ओंकारनाथ ठाकूर एकेका स्वराला भावनेचा पीळ देत, आवाज क्षणात गर्जनेपर्यंत नेत आणि क्षणात कुजबुजीवर आणत. विनायकराव पटवर्धनांचं गाणं शिस्तीचं, तालाला घट्ट धरून चालणारं. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले बुवांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर मात्र इतके नितळ, की राग आपोआप उलगडतोय असं वाटावं. बी. आर. देवधरांच्या मुंबईतल्या शाळेत तर कुमार गंधर्व शिकले. ग्वाल्हेरची तालीम घेऊन पुढे त्यांनी आपली छोट्या, टोकदार स्वरवाक्यांची भाषा घडवली. हे सारे एका साच्यातले म्हणायचे?

आपल्या नागपुरातलं उदाहरण तर याहून ठळक आहे. पलुस्करांचे शिष्य शंकरराव सप्रे यांच्या श्रीराम संगीत विद्यालयात दोन मुलं शिकली. एक रामचंद्र चितळकर, दुसरा वसंत देशपांडे. दोघांनाही सरगम मिळाली ती त्याच गुरूकडून. पहिला सिनेमात गेला आणि सी. रामचंद्र झाला. १९५१च्या ‘अलबेला’त त्यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंद, ठेका आणि मस्ती अशी काही आणली, की हिंदी गाण्याची चालच बदलली. दोन वर्षांनी ‘अनारकली’त तेच संगीतकार लताबाईंच्या आवाजासाठी अगदी हळुवार झाले. अलबेल्याची बेफिकिरी आणि अनारकलीची आर्तता एकाच माणसाला सुचावी, यामागे रागाची पक्की बैठक होती, असं मी मानतो.

दुसरा मुलगा २ मे १९२० रोजी मूर्तिजापूरला जन्मला. वसंतरावांनी नागपूरच्या पायावर कितीतरी मजले चढवले. लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे त्यांनी मारवा घोटला. बुवांच्या विद्यालयाचा जन्म झाला त्याच शहरात! दीनानाथ मंगेशकरांची झेप त्यांनी कानात साठवली, आणि पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरीही केली. त्यांची तान सरळ रस्त्याने जात नाही. मध्येच स्वर गाळते, भलत्या ठिकाणाहून उचल घेते, ऐकणाऱ्याला वाटतं की आता समेला चुकणार, आणि नेमकी समेवर येते. आवाजात खरखर आहे, पण ती लपवावी असं त्यांना कधी वाटलं नाही. त्यांच्या गाण्यातला मला सर्वांत प्रिय गुण हा धीटपणाच.

डिसेंबर १९६७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’त त्यांनी खाँसाहेब उभे केले. नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, म्हणजे तेही नागपूरचंच. संगीत जितेंद्र अभिषेकींचं. घराण्याची विद्या मुठीत ठेवण्याच्या हट्टाचं ते नाटक. ही मूठ उघडावी म्हणून पलुस्करांनी आयुष्य वेचलं होतं. त्यांच्या शिष्याच्या शिष्याने खाँसाहेबांची भूमिका करून त्या हट्टातली वेदना दाखवली, हे मला विलक्षण वाटतं.

३० जुलै १९८३ला वसंतराव गेले. सिव्हिल लाइन्समधलं सभागृह त्यांच्या नावाचं आहे, आणि दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र त्यांच्या स्मृतीचा संगीत समारोह भरवतं. प्रताप नगर, खामला, त्रिमूर्ती नगर या आपल्या बाजूच्या वस्त्यांतली मुलंही प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या चढतात. पालक बहुतेकदा प्रमाणपत्राकडे पाहतात. शिक्षकांना माझं आग्रहाचं सांगणं आहे : अलंकार घोटून झाले की त्याच वर्गात या मुलांना वसंतरावांचा मारवा ऐकवा, पाठोपाठ ‘अलबेला’तली गाणी लावा, आणि मग सांगा की या दोघांचा पहिला गुरू एकच होता, तोही आपल्याच गावातला.