टांगा, मोटार आणि सुकाणू

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात, घड्याळाच्या मनोऱ्याभोवती, एके काळी टांगे वळत. टांग्याला चाके दोनच. घोडा वळला की टांगा वळला. चारचाकी घोडागाडीचा मात्र पुढचा सबंध आस फिरवावा लागे, आणि तीव्र वळणावर ती कलंडण्याचे भय असे. म्युनिचच्या लँकेन्स्पर्गरने आस स्थिर ठेवून दोन्ही चाके आपापल्या खुंटीवर वळविण्याची युक्ती काढली. १८१८ साली अॅकरमनने लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले. कार्ल बेन्झची १८८६ ची मोटार तीनचाकीच होती. चारचाकीच्या सुकाणूचे पेटंट त्याने १८९३ मध्ये मिळविले.

पुढे अमेरिकेतील हौशी तरुणांनी १९३२ च्या फोर्डसारख्या मोटारींचा आस मध्ये अधिक वाकवून गाडी ठेंगणी केली. गाडी देखणी झाली खरी. परंतु सुकाणूपेटीपासून चाकाकडे जाणारी लांब उभी दांडी तिरपी झाली. खड्ड्यात आस उसळताच ती दांडी चाकाला ओढी, आणि चालकाने हात न हलविताही गाडी वळे. म्हणून जाणत्यांनी ती दांडी आसाला समांतर, आडवी बसविली. ओढ पुष्कळ कमी झाली.

आस वाकविणाऱ्याने सुकाणूचा हिशेब आधी मांडावा, हाच या इतिहासाचा बोध होय. टांग्याच्या घोड्याला खड्डा दिसत असे. मोटारीला तो दिसत नाही.