आठ डॉलरची एकेचाळीस वर्षं

२०२३ च्या उन्हाळ्यात मी न्यू जर्सीतल्या एका गोदामात रात्रपाळी करत होतो. दिवसा कम्युनिटी कॉलेज, रात्री साडेदहा ते अडीच गोदाम. पट्ट्यावरून खोकी येत राहायची. ती उचलायची आणि ट्रेलरमध्ये भिंत रचल्यासारखी रचायची. एवढंच काम. गोदाम कुणाचं ते सांगत नाही. तिथे युनियन नव्हती, एवढं पुरे.

माझ्या शेजारी एक फुलटाइम माणूस होता. तोच पट्टा, तीच खोकी, तोच ट्रेलर. पण त्याला तासाला माझ्यापेक्षा पाच डॉलर जास्त मिळायचे. मी कारण विचारलं, तर सुपरवायझर म्हणाला, "तू पार्टटाइम आहेस ना?"

त्याच्या मते हे उत्तर होतं. मला ते कळेना. मी अर्धा वेळ काम करतो म्हणून मला अर्धे तास भरले जातात, हे ठीक. पण तासाचा भावही कमी का? खोकं उचलताना ते काही अर्ध्या वजनाचं होत नाही.

घरी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तू बदलीच की!" आजोबा परळला गिरणीत होते आणि सुरुवातीची काही वर्षं बदली कामगार होते. रोज गेटवर जाऊन उभं राहायचं. कुणी कायम कामगार आला नाही, तर त्याच्या जागी काम. नाहीतर चालत घरी. 'बदली' हा शब्द बाबांनी इतक्या सहज वापरला, की मला त्या रात्री पहिल्यांदा माझ्या नोकरीला नाव मिळालं.

त्याच महिन्यात आमच्या रस्त्याच्या पलीकडे तपकिरी गाड्यांच्या फाटकाबाहेर माणसं पाट्या घेऊन गोल गोल फिरताना दिसायला लागली. संप नव्हता, संपाची रंगीत तालीम होती. ती यूपीएसची, म्हणजे युनायटेड पार्सल सर्व्हिसची माणसं. त्यांची युनियन टीमस्टर्स. आणि पाट्यांवर जी मागणी होती, ती ड्रायव्हरांसाठी कमी आणि आत गोदामात खोकी उचलणाऱ्या पार्टटाइम लोकांसाठी जास्त होती. पक्की युनियन असलेल्या कंपनीतही माझ्यासारखीच माणसं कमी भावात का राबत होती? या प्रश्नापासून मी वाचायला लागलो. जे सापडलं ते थोडं अडचणीचं होतं. तो कमी भाव कंपनीने चोरून लादलेला नव्हता. त्यावर युनियनची सही होती.

आधी हे काम कसं चालतं ते सांगतो, कारण पार्टटाइमचं मूळ तिथे आहे. पार्सल कंपनीत दिवसभर सारखं काम नसतं. संध्याकाळी ड्रायव्हर गोळा केलेला माल आणतात, तेव्हा तीन-चार तास धुमाळी. मध्यरात्री दूरच्या गावांचा माल येतो, पुन्हा धुमाळी. पहाटे तोच माल गल्लीनुसार गाड्यांमध्ये भरायचा, पुन्हा धुमाळी. मधल्या वेळात पट्टे बंद. म्हणून कंपनीला आठ तासांचा माणूस नको असतो, साडेतीन-चार तासांचा हवा असतो.

यूपीएस १९०७ मध्ये सिएटल शहरात सुरू झाली, निरोप आणि सामान पोचवणाऱ्या पोरांची छोटी कंपनी म्हणून. टीमस्टर्स युनियन तिथे पहिल्या महायुद्धाच्या आसपासच शिरली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, जिमी होफा युनियनचा अध्यक्ष असताना, आतल्या कामासाठी पार्टटाइम माणसं घ्यायला युनियनने मान्यता दिली. त्या वेळी ती फार मोठी गोष्ट वाटली नसावी. तास कमी होते, पण तासाचा भाव फुलटाइमच्या जवळपास होता. कॉलेजच्या पोरांना तर ती चांगली नोकरी वाटायची.

खरी गाठ पडली १९८२ मध्ये. अमेरिकेत मंदी होती, बेकारी दहा टक्क्यांवर गेली होती, सगळीकडे युनियन मागे सरत होत्या. त्या वर्षीच्या करारात ठरलं, की आतल्या कामावर नव्याने येणाऱ्या पार्टटाइम कामगाराला तासाला ८ डॉलरने सुरुवात करावी लागेल. आधीपासून कामावर असलेल्यांचा भाव शाबूत राहिला.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. कपात झाली, पण कामावर असलेल्या कुणाचीच नाही. कपात झाली ती अजून न आलेल्या माणसाची. करारावर मत द्यायचा हक्क फक्त सभासदाला, आणि जो पुढच्या महिन्यात कामाला लागणार आहे तो अजून सभासद नाही. तो सभेला नव्हता, त्याने हात वर केला नाही, त्याने शिवीही दिली नाही. सगळ्यात स्वस्तात सोडून देता येईल असा माणूस तोच. त्या वेळचा युनियन अध्यक्ष रॉय विल्यम्स त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एका सिनेटरला लाच द्यायच्या कटात दोषी ठरला, हेही खरं. पण सगळं त्याच्या डोक्यावर फोडून मोकळं होता येत नाही. साध्या, कष्टाळू माणसांनीही ही वाट सोयीची म्हणून धरली होती.

पुढे काय झालं ते आकड्यांत बघा. १९८२ ला ८ डॉलर. १९९७ लाही ८ डॉलर. पंधरा वर्षांत दूध, भाडं, पेट्रोल सगळं महागलं, हा आकडा हलला नाही. महागाई धरली तर १९९७ च्या ८ डॉलरची किंमत १९८२ च्या हिशोबात पाचाच्याही खाली येते. आणि एकदा स्वस्त माणूस मिळतोय म्हटल्यावर कंपनीने तेच केलं जे कुणीही करेल: नव्या जागा बहुतेक पार्टटाइमच काढल्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत यूपीएसमधले निम्म्याहून जास्त टीमस्टर्स पार्टटाइम झाले होते. त्यातले हजारो जण दोन पाळ्या जोडून आठवड्याला पस्तीस तासांच्या वर काम करत, पण भाव पार्टटाइमचा.

म्हणजे १९८२ मध्ये ज्यांनी आपला भाव वाचवला, त्यांच्याच पायाखालची जमीन सरकत होती. फुलटाइम जागा आटत होत्या.

बदल सुरू झाला तो मतपेटीतून. १९८९ मध्ये सरकारने माफियाच्या प्रकरणात युनियनवर भरलेला खटला समझोत्याने मिटला. त्याची एक अट होती, की अध्यक्ष थेट सभासदांच्या मताने निवडायचा. १९९१ च्या पहिल्याच अशा निवडणुकीत रॉन केरी जिंकला. हा स्वतः न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात यूपीएसची गाडी चालवलेला माणूस, आणि यूपीएस ड्रायव्हरचाच मुलगा. १९९४ मध्ये कंपनीने एका पार्सलची कमाल मर्यादा ७० पौंडांवरून १५० पौंडांवर नेली, म्हणजे साधारण ३२ किलोवरून ६८ किलोवर, तेव्हा त्याने एक दिवसाचा संप केला होता.

४ ऑगस्ट १९९७ ला मोठा संप सुरू झाला. १ लाख ८५ हजार माणसं बाहेर. घोषणेचा मथितार्थ असा, की अर्धवेळ नोकऱ्यांवर अमेरिका चालणार नाही. यात युनियनची हुशारी होती. त्या दिवसांत बऱ्याच अमेरिकन घरांत कुणीतरी पार्टटाइम होतं: मुलगी, भाचा, नोकरी गेलेला काका. त्यामुळे पार्सल अडकूनही लोक चिडले नाहीत. गॅलपच्या पाहणीत ५५ टक्के लोक संपकऱ्यांच्या बाजूने आणि २७ टक्के कंपनीच्या बाजूने निघाले. वैमानिकांची युनियन वेगळी होती, तरी त्यांनी विमानं उडवली नाहीत. संपात युनियनकडून मिळायचे आठवड्याला ५५ डॉलर, तेवढ्यावर माणसं पंधरा दिवस उभी राहिली.

आणि मुख्य म्हणजे या वेळी तासाला सुमारे २० डॉलर मिळवणारा ड्रायव्हर आठ डॉलरवाल्यासाठी रस्त्यावर उतरला होता. दया म्हणून नाही. उद्या आपली जागाही दोन तुकड्यांत मोडून विकली जाईल, हे त्याला दिसत होतं.

संप जिंकला. पार्टटाइम जागा जोडून १० हजार नव्या फुलटाइम जागा करायचं कंपनीने कबूल केलं. कामावर असलेल्या पार्टटाइम लोकांना पाच वर्षांत तासाला ४ डॉलर १० सेंट वाढ मिळाली, फुलटाइमपेक्षा एक डॉलर जास्त.

पण सुरुवातीचा भाव? तो ८ वरून झाला साडेआठ. जिंकलेल्या संपातही, अजून न आलेल्या माणसाला मिळाले पन्नास सेंट.

संप संपल्यावर तीनच दिवसांत केरीची १९९६ ची फेरनिवड रद्द झाली, कारण त्याच्या प्रचाराला युनियनचेच पैसे वळवल्याचं उघड झालं. त्याला युनियनमधून काढलं. पुढे २००१ मध्ये न्यायालयाने खोटी साक्ष दिल्याच्या आरोपातून त्याला निर्दोष सोडलं, पण तोवर घडी विस्कटली होती.

नंतरची वर्षं भराभर सांगतो, कारण त्यात फारसं काही घडलं नाही आणि तोच मुद्दा आहे. सुरुवातीचा भाव २०१३ च्या करारात १० डॉलर झाला. २०१८ च्या करारात १३, आणि पुढे टप्प्याटप्प्याने थोडा वर. त्याच २०१८ च्या करारात ड्रायव्हरांचीही दुसरी, कमी भावाची जात तयार झाली. म्हणजे १९८२ ला आत जे केलं, ते आता गाडीच्या सीटवर आलं. या करारावर मत दिलेल्यांपैकी ५४ टक्के सभासदांनी 'नको' म्हटलं. तरी तो लागू झाला. कारण युनियनच्या जुन्या नियमानुसार, निम्म्यापेक्षा कमी सभासदांनी मत दिलं असेल तर करार फेटाळायला दोन तृतीयांश विरोध लागायचा.

सभासद खवळले ते इथे. २०२१ च्या अधिवेशनात तो नियम बदलला. त्याच वर्षी शॉन ओब्रायन अध्यक्ष म्हणून निवडून आला. यूपीएसमध्ये पुन्हा लढायचं, हे त्याचं मोठं आश्वासन होतं. मधल्या काळात कोविड येऊन गेला होता. सगळं जग घरात बसून पार्सल मागवत होतं आणि कंपनीचा नफा विक्रमी झाला होता.

म्हणून मी पाहिल्या त्या पाट्या. जून २०२३ मध्ये ९७ टक्के मतांनी संपाची परवानगी मिळाली. जुलैच्या सुरुवातीला बोलणी तुटली, आणि तुटली ती पार्टटाइमच्या भावावरच. ३१ जुलैला करार संपत होता. २५ जुलैला तडजोड झाली. पार्टटाइम कामगाराला कमीत कमी २१ डॉलर. ड्रायव्हरांची ती कमी भावाची जात बंद. आतल्या ७,५०० नव्या फुलटाइम जागा. ऑगस्टमध्ये ८६.३ टक्के मतांनी करार मंजूर झाला. संप न करताच, नुसत्या तयारीवर.

आमच्या गोदामात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. रस्त्यापलीकडे २१, आणि आम्ही? काही जणांनी तिकडे अर्ज केले. मीही केला.

पण सगळे खूश नव्हते. बऱ्याच पार्टटाइम कामगारांची मागणी २५ डॉलरची होती. मला तेव्हा ती जरा चढी वाटली होती. नंतर एका रात्री मी हिशोब केला. अमेरिकन सरकारचा महागाईचा आकडा धरून १९८२ चे ८ डॉलर २०२३ मध्ये किती होतात? साधारण २५ डॉलर.

म्हणजे मागणी चढी नव्हतीच. त्यांना हवा होता तो १९८२ चा कापलेला भाव. त्या वेळी ज्याला कपात म्हणत होते, तिथपर्यंतही एकेचाळीस वर्षांनी गाडी पोचली नव्हती. आणि करार संपेल तोवर जुन्या फुलटाइम ड्रायव्हरचा भाव सरासरी ४९ डॉलर होणार होता.

हे वाचून कुणी म्हणेल, मग युनियनचा उपयोग काय? मी उलट म्हणतो. माझ्या गोदामात 'तू पार्टटाइम आहेस ना?' या वाक्याच्या पुढे काही नव्हतं. कोणता कागद, कोणाची सही, कोणती तारीख, काहीच नाही. त्यांच्याकडे निदान कागद होता. त्यावर चूक कधी झाली ते दिसत होतं, कुणी केली ते दिसत होतं, आणि पुढची सही कोणत्या तारखेला होणार हेही. चूक दुरुस्त करता येते ती अशाच ठिकाणी, कितीही उशिरा का होईना. पार्टटाइम कामगारालाही तिथे आरोग्य विमा मिळतो तो याच कागदामुळे, आणि भाव कमी असूनही माणसं वर्षानुवर्षं टिकतात त्याचं ते एक कारण आहे.

बाबांना हे सगळं सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, "मग आता सारखं झालं का?"

"नाही."

"कधी होणार?"

सध्याचा करार ३१ जुलै २०२८ ला संपतो. त्यानंतर ज्यांचा भाव ठरेल त्यातले पुष्कळ जण आज शाळेत आहेत. त्यांना मत नाही. त्यांच्या वतीने कुणी हात वर करतं का, ते तेव्हा कळेल.