दारे धरणारा हवा!

बीडची खजाना बावडी आपण पाहिली असेल. निजामशाहीच्या काळात, १५८२ साली बांधलेल्या या विहिरीचे पाणी शेतीकडे नेण्याची सोय केलेली आहे. पण पाणी शेतापर्यंत आले, तरी कोणत्या वाफ्यात सोडायचे हे दारे धरणाराच पाहतो. संगणकांच्या जाळ्यालाही असा माणूस लागतो, हे मला अनुभवाने कळले.

काही वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा मी सांभाळत होतो. एक व्याख्यान चार संगणकांवर दाखवायचे होते. ते सुरू होताच सगळेच संगणक रेंगाळले. त्याच दिवशी परीक्षा अर्जाची मुदत संपत होती आणि मुले रडवेली झाली होती.

कारण शोधताना मी इतिहासात शिरलो. एकच संदेश, हवा असणाऱ्या सर्वांना एकदम पाठवण्याची ‘मल्टिकास्ट’ पद्धत स्टॅनफर्ड विद्यापीठातील स्टीव्ह डीअरिंग यांनी विकसित केली. तिचे नियम ऑगस्ट १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. मार्च १९९२ मध्ये सॅन दिएगो येथील एका सभेतला आवाज याच पद्धतीने तीन खंडांतील वीस ठिकाणी ऐकला गेला.

पुढे कार्यालयांत स्विच आले. कोणत्या तारेवरून कोणाचा पत्ता आला, हे पाहून स्विच शिकतो. पण गटाचा पत्ता हा कधीच पाठवणाऱ्याचा पत्ता नसतो. त्यामुळे गट कुठे आहे हे स्विचला उमगत नाही आणि तो ते चित्र सगळ्याच तारांत सोडून देतो. आमचे तेच झाले होते.

यावर उपाय म्हणजे कानोसा घेणे. ‘मला या गटात घ्या’ असा संगणकाचा निरोप स्विचने वाटेत ऐकायचा आणि तेवढेच दार उघडायचे. या युक्तीची मार्गदर्शक सूत्रे मे २००६ मध्ये प्रसिद्ध झाली.

आम्ही ती सोय सुरू केली. अर्ज भरले गेले, पण चारेक मिनिटांत व्याख्यानच बंद पडले! ‘अजून हवे आहे का?’ असे कोणीतरी साधारण दर १२५ सेकंदांनी विचारावे लागते. २६० सेकंद उत्तर आले नाही, तर नाव कमी होते. हे काम एरवी राउटर करतो. आमच्या जाळ्यात विचारणारे कोणीच नव्हते. ते काम स्विचकडे सोपवले आणि व्याख्यान शेवटपर्यंत चालले.

आमच्या दुष्काळी भागात पाण्याचे मोल सांगावे लागत नाही. दार उघडून दिले म्हणजे काम संपत नाही. वाफा भरला का, हे पाहणारा बांधावर उभा असावा लागतो.