शिरोड्याच्या आगरातलं मीठ

वेंगुर्ल्याहून रेडीकडे जाताना आरवली मागे पडली की शिरोडा येतो. बाहेरची माणसं इथे येऊन दोन ठिकाणं विचारतात : वि. स. खांडेकर जिथे शिकवत ती शाळा आणि वेळागरचा समुद्र. खाडीच्या अंगाला पाण्याचे चौकोन दिसतात, त्यांच्या कडेला पांढऱ्या राशी असतात. तिथे गाडी थांबते, फोटो निघतात, गाडी पुढे जाते. मी या गावात सून म्हणून आले आणि प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले. इतक्या वर्षांनंतर माझं मत पक्कं झालं आहे की शिरोडा ज्याला समजून घ्यायचा आहे त्याने आधी त्या चौकोनांच्या बांधावर जाऊन उभं राहावं. खांडेकर १९२० साली इथे मास्तर म्हणून आले, त्याआधीपासून इथे मीठ पिकत होतं. १९३० साली देशाच्या नकाशावर या गावाचं नाव आलं तेही मिठामुळेच.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. बाकीचं पाणी उडवायचं काम ऊन-वारा करतात. माणसाने त्यांना जागा करून द्यायची, एवढंच. पण ती जागा करण्यातच कंबर मोडते. पावसाळ्यात आगर पाण्याखाली असतं. बांध खचतात, तळाला गाळ बसतो, खाडीचे मासे आत शिरतात. दिवाळी सरली की पाणी काढून टाकायचं, गाळ उपसायचा, बांधांना नवी चिकणमाती लावायची. मग कुणग्यांचा, म्हणजे मीठ धरणाऱ्या वाफ्यांचा, तळ करायचा. ओली माती अनवाणी पायांनी तुडवायची, थोडी आवळली की लाकडाने चोपायची, पुन्हा पाणी शिंपडून पुन्हा चोपायची. पाणी खाली मुरता कामा नये आणि मीठ ओढताना माती वर येता कामा नये, इतका तो तळ घट्ट हवा. मिठाचा रंग तिथेच ठरतो. तळ कच्चा राहिला तर मीठ मातकट निघतं, आणि मग हंगामभर काही उपाय नाही.

उधाणाच्या भरतीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, खाडीचं पाणी मोठ्या कोंडीत घेतात. तिथून दुसऱ्या कोंडीत, तिथून पुढच्या, असं ते सरकवत नेतात आणि प्रत्येक टप्प्यावर ते दाटत जातं. आधी चुन्याचे क्षार खाली बसतात. ते मागे ठेवून पाणी पुढे काढणं, हा खरा अनुभवाचा भाग. शेवटच्या कुणग्यात पाणी घोटासुद्धा बुडणार नाही इतकं उथळ. कधी कधी त्यावर गुलाबी छटा येते, ती अशा दाट खाऱ्या पाण्यातच जगणाऱ्या सूक्ष्म जीवांची. दुपारच्या उन्हात पाण्यावर दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा धरतो. वाऱ्याने तो मोडतो, तळाशी जातो आणि खडा वाढू लागतो. उरलेलं पाणी मात्र वेळेवर सोडून द्यायला लागतं. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते राहिले तर मिठाला कडवटपणा येतो आणि मीठ हवेतली ओल ओढत राहतं. हे शास्त्र मी पुस्तकात वाचलं. माझ्या सासूबाई खडा जिभेवर ठेवून सांगत, पाणी सोडायला उशीर झाला की नाही ते.

सासूबाईंचा जन्म शिरोड्यातलाच, आगरात खपणाऱ्या घरातला. सासर मिळालं तेही तसलंच. आगर दुसऱ्याचं, राबणं यांचं. पुरुष लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ ओढून बांधावर घेत आणि बायका टोपल्या वाहत. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर ओल्या मिठाने भरलेली टोपली. टोपलीतून निथळणारं पाणी मानेवरून पाठीत उतरे. लुगडं वाळलं की कडक होऊन अंगाला घासे. आगरात चप्पल चालत नाही, तळ बिघडतो. खड्यांच्या धारेने तळव्यांना चिरा पडत आणि त्या चिरांत पुन्हा मीठच जाई. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांचं आगरातलं काम सुटलेलं होतं, पण रात्री तळव्यांना खोबरेल चोळून घेतल्याशिवाय त्या झोपत नसत. ते पाय मी चोळले आहेत. टाचेचं कातडं इतकं राठ होतं की बोट फिरवलं तर आवाज येई.

त्यांची लहानपणाची एक आठवण होती. त्या नऊ-दहा वर्षांच्या असतील. बापासाठी पेज घेऊन आगरात गेल्या आणि परतताना बांधावरचं मूठभर मीठ परकराच्या ओच्यात घेतलं. बापाने ते पाहिलं, हात धरून मागे नेलं आणि सगळं मीठ राशीवर झटकायला लावलं. म्हणाला, “ह्या मीठ आपला न्हय गो, सरकारचा आसा. शिपाई बगीत.” ज्याने माती तुडवली, पाणी फिरवलं, फळी ओढली, त्याच्या पोरीला चिमूटभर उचलायची चोरी. सत्तर वर्षांनंतरही हे सांगताना सासूबाईंचा आवाज चढत असे.

बापाची भीती खोटी नव्हती. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात मीठ परवान्याशिवाय करता येत नसे. १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने तो बंदोबस्त आणखी आवळला. मीठ खात्याचे शिपाई आगरांवर पहारा करत आणि वजन होऊन कर भरल्याशिवाय रास हलत नसे. हा कर एका दिवसात आला नाही, वाढत वाढत आला. १८४४ साली मुंबई इलाख्यात तो मणाला आठ आण्यांवरून एक रुपया केला तेव्हा सुरतेचे लोक रस्त्यावर उतरले. १८८८ साली तो अडीच रुपयांवर गेला. मण म्हणजे तेव्हाचा सुमारे ३७ किलोचा. मीठ गरिबाला जास्त लागतं, कारण पेजेबरोबर त्याच्या ताटात दुसरं काही नसतं आणि उन्हात घामही त्याचाच जातो. म्हणून हा कर गरिबावरच बसे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले १९०२ साली कलकत्त्याला कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले तेव्हा मिठावरचा कर कमी करा ही त्यांची मोठी मागणी होती. पुढच्या वर्षापासून कर उतरत गेला आणि १९०७ साली रुपयावर आला. त्यात गोखल्यांच्या बोलण्याचा वाटा मोठा, असं मी मानते. १९२३ साली सरकारने तो पुन्हा एका झटक्यात अडीच रुपये केला, आरडाओरड झाल्यावर पुढच्या वर्षी सव्वा रुपया. १९३० साली सव्वा रुपयाच होता.

शिरोड्याला याची झळ आणखी एका बाजूने लागे. रेडीच्या पुढे तेरेखोलची खाडी, आणि खाडी ओलांडली की गोवा. तिथे पोर्तुगीजांचा अंमल. पेडण्यातल्या आगरवाड्यासारख्या गावांत आपल्यासारखीच मिठागरं. करात फरक असला की मीठ स्वस्त बाजूकडून महाग बाजूकडे जाणारच. ते थांबवायला इंग्रजांनी २६ डिसेंबर १८७८ रोजी पोर्तुगालशी तह केला आणि गोव्यातल्या मिठाचा ताबाच आपल्या हाती घेतला. त्यापोटी पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळत. हा तह १८९२ साली संपला, पण तोवर गोव्याच्या आगरांचं कंबरडं मोडलं होतं. राज्य कुणाचंही असो, आगरात उतरणाऱ्याच्या पायाला चिरा तशाच पडत होत्या. नफा-तोटा मात्र लंडन आणि लिस्बनमध्ये ठरत होता.

आता मिठाच्या सत्याग्रहाविषयी. ६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. महाराष्ट्रात वडाळा, मालवण आणि शिरोडा इथे सत्याग्रह झाले. दांडीला मीठ किनाऱ्यावरचं होतं, शिरोड्याला तयार आगरं होती. मे महिन्यात ठिकठिकाणचे सत्याग्रही इथे जमले, आगरांत शिरले, मीठ उचललं. पोलिसांनी मारलं, धरपकड झाली. पुढाऱ्यांमध्ये धर्मानंद कोसंबी होते. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस. बौद्ध धर्माच्या ओढीने घर सोडून सिंहलद्वीप, ब्रह्मदेश फिरला, पालीचा मोठा पंडित झाला, पुढे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात काम केलं. असा विद्वान वयाच्या चौपन्नाव्या वर्षी आमच्या गावात येतो, लोकांना सत्याग्रहाला उभं करतो आणि तुरुंगात जातो, ही गोष्ट मी वर्गात सांगायची तेव्हा मुलं गप्प होऊन ऐकायची. शिरोड्यातल्या प्रत्येक मुलाला कोसंबींचं नाव पाठ असायला हवं. ते नाही, याचं मला वाईट वाटतं.

मला आणखी एका गोष्टीचं वाईट वाटतं. सत्याग्रहाच्या गोष्टीत मीठ उचलणारे आहेत, मारणारे आहेत, तुरुंगात गेलेले आहेत. मीठ करणारे त्यात नाहीत. मे महिना म्हणजे आगराच्या हंगामाचं शेवटचं, भर पीक. शेकडो पायांनी तुडवल्यावर तळ आणि बांध तसेच राहत नाहीत. दुसऱ्या दिवशी ते कुणी नीट केले? त्या दिवसांची मजुरी कुणाची बुडाली? सासूबाईंना एवढंच आठवे की मुलांना घरात कोंडून ठेवलं होतं आणि नंतर बाप बरेच दिवस अंधार पडल्यावर परतत असे. सत्याग्रहींच्या त्यागाला यामुळे तसूभरही कमीपणा येत नाही. पण त्या राशींमागे ज्यांचे पाय होते, त्यांना त्या इतिहासात दोन ओळींची जागा मिळायला हवी होती.

मार्च १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार झाला आणि किनाऱ्यावरच्या लोकांना घरच्यापुरतं मीठ करायला, गोळा करायला मोकळीक मिळाली. कर पुरता उठला तो १९४७ च्या वसंतात, स्वातंत्र्याच्या काही महिने आधी. कोसंबींनी त्याच वर्षी जूनमध्ये सेवाग्रामला देह ठेवला. कर गेलेला त्यांनी पाहिला, याचं मला समाधान आहे.

खांडेकर सत्याग्रहाच्या काळात गावातच होते, १९३८ साली कोल्हापूरला जाईपर्यंत. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे, त्यात मी भर घालत नाही.

कर गेल्यावर आगरांना बरे दिवस यायला हवे होते. पण तोवर दुसरी गणितं सुरू झाली. एकेकाळी इथलं मीठ लमाणांच्या बैलांवरून घाट चढून देशावर जाई. आगगाड्या आणि ट्रक आल्यावर देशावर गुजरातचं मीठ पोचू लागलं. देशातलं बहुतेक मीठ आज गुजरातच पिकवतं. तिथे पाऊस कमी, हंगाम लांब, मैदानं अफाट. आमच्याकडे जेमतेम चार-पाच महिने, त्यात एप्रिलमध्ये एक अवकाळी सर आली तरी कुणग्यातलं तयार मीठ विरघळून जातं. मग २००६ पासून आयोडीन नसलेलं मीठ थेट खाण्यासाठी विकायला देशभर बंदी आली. गलगंड आणि मुलांच्या बुद्धीची वाढ खुंटणं टाळायला हा नियम गरजेचा होता, शिक्षिका म्हणून मला तो पटतो. पण लहान आगरवाल्याने आयोडीन मिसळायची यंत्रं आणावीत कुठून, याचा विचार नियमाबरोबर व्हायला हवा होता. तरण्या पोरांनी कधी मुंबईची, कधी रेडीच्या खाणीची, आता गोव्यातल्या हॉटेलांची वाट धरली. मी त्यांना दोष देत नाही. सासूबाईंचे पाय ज्याने पाहिले आहेत तो देणार नाही.

तरीही आगरं सगळी पडीक झालेली नाहीत, कारण या मिठाला अजून गिऱ्हाईक आहे. बांगडे खारवायला जाडा खडाच लागतो. बारीक मीठ वरच्या वर विरघळतं, खडा मात्र सावकाश सुटत मासळीच्या काट्यापर्यंत पोचतो. खारातल्या कैऱ्यांना, फणसाच्या गऱ्यांना तेच मीठ. माडाच्या आळ्यात पावसाआधी ते घालायची रीत आमच्याकडे सगळे पाळतात. अजून दृष्ट काढायलाही मिरच्यांबरोबर पिशवीतलं बारीक मीठ कुणी घेत नाही.

निवृत्त झाल्यापासून मी जुन्या माणसांकडे जाऊन बसते आणि आगरात कोण कोण खपलं त्यांची नावं वहीत उतरवून घेते. पुरुषांची नावं लोक चटकन सांगतात. बायकांची विचारली की अमक्याची आवस (आई), तमक्याची बायल (बायको), असं उत्तर येतं. मग मी पुन्हा विचारते, घरी तिला काय म्हणून हाक मारत? तेव्हा नाव निघतं. वही भरली की शाळेत ठेवणार आहे. तिच्याबरोबर एक फळी आणि एक टोपलीही ठेवायची आहे. फळी एका घरी माळ्यावर सापडली, दांडा हाताच्या घासाने मधे बारीक झालेली. टोपलीचा शोध चालू आहे, कारण खाऱ्या पाण्यात बांबूची टोपली फार टिकत नाही आणि जुनी कुणी जपून ठेवत नसे.

शिरोड्याला येणार असाल तर एप्रिल-मेमध्ये या, पाऊस जवळ आला म्हणून राशींवर झाप चढायच्या आत. सकाळी लवकर आगरावर गेलात तर मीठ ओढताना बघायला मिळेल. बांधावर चढण्याआधी विचारा, चप्पल काढा, आणि परतताना कैऱ्यांसाठी दोन-चार किलो मीठ विकत घ्या. घरी ते चिनी मातीच्या बरणीत भरा, धातूच्या डब्यात नको.