श्वानरूपाचे वाचन : पप-प्लेविषयीच्या रूढ समजांचा इतिहास

मज्झिमनिकायातील कुक्कुरवतिक सुत्तात सेनिय नावाचा एक नग्न तपस्वी येतो. जमिनीवर टाकलेले अन्न खाणारा हा श्वानव्रती बुद्धाशेजारी कुत्र्यासारखाच अंग मुडपून बसतो आणि त्याची पुढची गती कोणती, असा प्रश्न त्याचा सोबती विचारतो. कुत्र्याचे व्रत पूर्णपणे आचरणारा कुत्र्यांतच जन्मेल, हे त्याचे उत्तर बहुतेकांच्या स्मरणात असते. हाच सेनिय पुढे संघात येऊन अर्हत झाला, हे सुत्त स्पष्ट सांगते. वाचक मात्र ते विसरतात. ग्रीसमध्ये डायोजेनीसला ‘कुत्रा’ म्हणून हिणविले गेले आणि त्याने ते नाव मिरविले. माणसाने श्वानरूप घेतले म्हणजे त्याचे माणूसपण उणावले, हे वाचन असे जुने आहे. पप-प्लेविषयीचे आजचे समज त्याच वाचनाच्या सावलीत वाढले आहेत.

पप-प्ले म्हणजे प्रौढ व्यक्तींनी परस्परसंमतीने कुत्र्याच्या पिलाची भूमिका घेणे. मुखवटा, गळपट्टा, रांगणे, चेंडूमागे धावणे आणि बहुधा ‘हँडलर’ म्हणविणारा एखादा सांभाळणारा, हे त्याचे दृश्य घटक होत. त्याची पाळेमुळे समलिंगी पुरुषांच्या लेदर संस्कृतीत सापडतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत ही संस्कृती मोटारसायकल क्लबांभोवती आकारास आली. लॉस एंजेलिसचा ‘सॅटिर्स’ हा क्लब १९५४ सालचा. तेथे कुत्र्याची भूमिका आरंभी आज्ञापालनाशी, अवहेलनेशी, क्वचित शिक्षेशी जोडलेली होती. पुढे तिच्यातून खोडकर, मस्तीखोर पिल्लू निराळे झाले आणि त्याचा स्वतंत्र समुदाय उभा राहिला. शिक्षा भोगणारा कुत्रा आणि खेळणारे पिल्लू ही दोन भिन्न रूपके आहेत. बाहेरचा निरीक्षक मात्र अजूनही पहिलेच रूपक वाचतो.

सर्वांत घातक समज प्राण्यांविषयीच्या लैंगिक आकर्षणाचा. लियम विग्नल आणि मार्क मॅकॉर्मॅक यांनी ब्रिटनमधील ३० समलिंगी व उभयलिंगी पुरुषांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्या समजाला कोणताही आधार आढळला नाही. लैंगिक तृप्ती हा बहुतेकांचा हेतू होता; त्याच्या जोडीला दैनंदिन ‘मी’चे ओझे उतरविणारी एक मनःस्थिती आणि विश्रांतीही होती. येथे समर्थकांच्याही एका सवयीची दखल घ्यावयास हवी. ‘यात लैंगिक काहीच नाही’ असा खुलासा सहानुभूतीपोटी केला जातो. पण तोही रूढ समजच होय, फक्त धुऊन स्वच्छ केलेला. डॅरेन लँगड्रिज आणि जेमी लॉसन यांच्या २०१९ मधील अभ्यासात लैंगिक सुख, स्वतःपासून सुटका, शारीरिक खेळ, आत्माविष्कार आणि नातेसंबंध हे सारे पदर शेजारी शेजारी येतात. त्यांतला एक उपटून काढला तर अनुभवच विपरीत होतो.

दुसरा समज मानसिक विकृतीचा. डीएसएम-५ ने २०१३ साली असामान्य लैंगिक रुची आणि विकार यांत स्पष्ट भेद केला. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये तर संमतीने होणाऱ्या अशा वर्तनाला केवळ त्याच्या वेगळेपणामुळे विकार मानलेले नाही. वर्गीकरण बदलले, तरी कुतूहलाची नजर लगेच बदलत नाही. चॅनल फोरने २०१६ साली दाखविलेल्या माहितीपटाच्या शीर्षकातच ‘गुप्त आयुष्य’ हा शब्दप्रयोग होता. गुपित म्हटले की मागे काही लज्जास्पद असणारच, असे प्रेक्षक गृहीत धरतो.

मराठी अभ्यासकाला येथे खंडोबाचा वाघ्या आठवणे स्वाभाविक आहे. तोही देवाचा कुत्रा म्हणवितो, विधीत भुंकतो, कोटंब्यातले अन्न तोंडाने खातो. साम्य डोळ्यांत भरते, पण ते दृश्यापुरतेच. वाघ्याचे श्वानत्व देवाच्या सेवेत अर्थ पावते. पप-प्लेत देव नाही, व्रत नाही, आणि खेळ थांबविण्याचा अधिकार खेळणाऱ्याकडेच राहतो. उलट नवस फेडण्यासाठी आईबापांनी लहानपणीच खंडोबाला वाहिलेल्या मुलाला त्याची इच्छा कोणी विचारलेली नसे.