आलमबागेतील ‘जय जगत्’

लखनौचे चारबाग रेल्वे स्थानक मागे टाकून कानपूरच्या रस्त्याला लागले की आलमबाग येते. नवाब वाजिद अली शाह याने आपल्या बेगमेसाठी उभारलेली ही बाग १८५७ च्या रणधुमाळीत इंग्रजी फौजेचे ठाणे झाली. जनरल हॅवलॉकची कबर तेथेच आहे. पुढे रेल्वेचे कारखाने आले आणि बागेचे नाव वस्तीला उरले.

या वस्तीतही ज्या सिटी मॉन्टेसरी शाळेची शाखा आहे, तिचा आरंभ १९५९ साली लखनौत झाला. जगदीश आणि भारती गांधी या तरुण दांपत्याजवळ भांडवल म्हणून उसने घेतलेले ३०० रुपये होते आणि विद्यार्थी अवघे ५. जगदीश हे मूळचे अलीगढ जिल्ह्यातील अगरवाल. महात्माजींवरील निष्ठेपोटी त्यांनी ‘गांधी’ हे आडनाव धारण केले. शाळेने ब्रीद घेतले ते मात्र आपल्या गागोद्याच्या विनोबांचे. भूदानयात्रेत १९५७ साली कर्नाटकात विनोबांनी ‘जय जगत्’ हा घोष दिला होता. पाच मुलांच्या शाळेने साऱ्या जगाचा जयजयकार करावा, हे धाडसच म्हणायचे!

शाळा वाढली ती एका छपराखाली नव्हे, शहरभरच्या शाखांतून. १९९९ मध्ये २२,६१२ विद्यार्थ्यांमुळे तिची जगातील सर्वांत मोठी शाळा म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. २००२ मध्ये युनेस्कोचे शांतता-शिक्षण पारितोषिक मिळाले. २०१० मध्ये पटसंख्या ३९,४३७ होती.

तथापि वाढीचा हिशेब केवळ पटावर मांडता येत नाही. २०१५ साली शिक्षण हक्क कायद्याखाली दुर्बल घटकांतील ३१ मुलांच्या प्रवेशाचा वाद न्यायालयात गेला आणि उच्च न्यायालयाने त्यांपैकी १३ मुलांना प्रवेश देण्याचा आदेश दिला. ज्या पाच मुलांवर शाळा उभी राहिली, त्यांच्याहून ही संख्या फार मोठी नव्हती. ‘जय जगत्’ म्हणणाऱ्या संस्थेला दारातल्या मुलांसाठी न्यायालयाची आज्ञा लागावी, ही गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही.

आणखी एक विसंगती मराठी वाचकाला जाणवेल. मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या विनोबांचा घोष तेथे घुमतो तो इंग्रजी माध्यमाच्या प्रांगणात. आणि त्यांच्या मायभूमीतील मराठी शाळा मात्र पटासाठी दारोदार फिरतात.

२०१९ मध्ये त्या शाळेला साठ वर्षे पूर्ण झाली. जगदीश गांधी २०२४ च्या जानेवारीत निवर्तले. ब्रीदवाक्य अद्याप तेच आहे.