स्टीव्हन्स–लिंड्रॉस धडक
नॅशनल हॉकी लीगच्या प्लेऑफमधील गाजलेली दुखापत. २६ मे २००० रोजी फिलाडेल्फियात ईस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीचा सातवा, निर्णायक सामना होता. फ्लायर्सचा एरिक लिंड्रॉस मेंदूला बसलेल्या धक्क्यातून नुकताच परतला होता. इतक्या लवकर त्याने उतरणे धोक्याचेच होते. पक घेऊन, मान खाली घालून तो मध्यभागाकडे वळला आणि न्यू जर्सी डेव्हिल्सच्या स्कॉट स्टीव्हन्सचा खांदा थेट त्याच्या डोक्यावर आदळला. पंचांनी शिक्षा दिली नाही, कारण तेव्हाच्या नियमांत अशी धडक बसत होती. डेव्हिल्स २–१ ने जिंकले, पुढे स्टॅन्ली चषकही. लिंड्रॉस पुढचा संपूर्ण हंगाम मैदानाबाहेर राहिला. त्यामागे कराराचा वादही होता. नजरेआडून येऊन डोक्याला लक्ष्य करणाऱ्या धडकांवर लीगने २०१० मध्ये बंदी घातली.